हळदीच्या बेण्याची जनुकीय ओळख: किती झाले, किती राहिले

महाराष्ट्रात हळद नावाने लावली जाते आणि नावानेच विकली जाते. राजापुरी, कडप्पा, सेलम, टेकुरपेटा, कृष्णा, फुले स्वरूपा, वायगाव. बेणे घेताना शेतकरी आधी नाव विचारतो, सौद्यात व्यापारी नाव सांगतो. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून गावांच्या नावांनाही कायद्याचे वजन आले आहे. पण शेजारी शेजारी पडलेले बेण्याचे दोन ढीग एकाच वाणाचे आहेत की वेगळ्या, हे खात्रीने सांगणारी आणि सामान्य शेतकऱ्याला परवडणारी चाचणी आजही त्याच्या हाताशी नाही. हळदीच्या जनुकीय मार्करांवर, म्हणजे वाण ओळखायला वापरायच्या डीएनएमधल्या खुणांवर, वीस वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे आणि शोधनिबंधांची संख्याही मोठी आहे. या कामातून नेमके काय हाती आले आणि मुख्य प्रश्न अजून का सुटला नाही, ते या लेखात पाहू.

मुळात अडचण या पिकाच्या वाढीच्या रीतीत आहे. खणून काढलेला गड्डा माती झटकून पाहिला तर मधोमध जेठा गड्डा असतो, त्याला बिलगून बगल गड्डे आणि त्यांना बोटांसारखी फुटलेली हळकुंडे. पुढच्या वर्षीची लागवड यातल्याच निवडक जेठ्या गड्ड्यांपासून होते, हेक्टरी साधारण २५ क्विंटल बेणे लागते. म्हणजे यंदाचे झाड हे गेल्या वर्षीच्या झाडाचाच तुकडा असतो आणि ते झाड त्याच्या आदल्या वर्षीच्या झाडाचा. यात कुठेही पराग नाही, बी नाही, दोन झाडांच्या जनुकांची सरमिसळ नाही. एखाद्या शिवारात पन्नास वर्षे चालत आलेली हळद जनुकांच्या दृष्टीने पन्नास वर्षांची एकच वनस्पती असू शकते.

असे होण्याचे कारण गुणसूत्रांत आहे. हळदीच्या, म्हणजे कुरकुमा लोंगाच्या, पेशीत ६३ गुणसूत्रे असतात, २१ च्या तीन संचांत. अशा त्रिगुणित वनस्पतीत पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या नीट जोड्या लागत नाहीत. दोन जुळतात, तिसरे मागे राहते, त्यामुळे बहुतेक पराग निकामी निघतात. हळदीला फुलांचा तुरा येतो, तो देखणाही असतो, पण त्यात बी धरणे विरळाच. विरळा म्हणजे अशक्य नव्हे. केरळात हळदीचे बी मिळाले, ते रुजले आणि कोझिकोडेच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने अशा मुक्त परागणातून आलेल्या रोपांतून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ हे वाण निवडले. दोन्हींत कुरकुमीन ६ टक्क्यांच्या वर आहे. बियांपासून आलेल्या रोपांची गुणसूत्रे मोजली तेव्हा काहींत ६३ पेक्षा वेगळी संख्या आढळली. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. भारतातल्या वाणांमधले फरक दोन वाटांनी आलेले असू शकतात: कंदातच हळूहळू साठत गेलेल्या उत्परिवर्तनांनी किंवा कधीकाळी पडलेल्या एखाद्या बीपासून उगवलेल्या नव्या रोपाने. शेतात उभे राहून या दोन वाटा वेगळ्या दिसत नाहीत. डीएनएमध्ये मात्र त्यांची ठेवण वेगळी असते, आणि मार्करांचे खरे काम तिथे सुरू होते.

पानाची रुंदी, खोडाची उंची, हळकुंडाचा आकार, गाभ्याचा रंग या दिसणाऱ्या लक्षणांवर वाण ओळखायची रीत जुनी आहे, पण जमीन, पाणी आणि खत बदलले की ही लक्षणे बदलतात. कुरकुमीनचेही तसेच. एकच वाण दोन जिल्ह्यांत लावला तर त्याची टक्केवारी वेगळी येते. म्हणून १९९० मध्ये आरएपीडी हे तंत्र आल्यावर मसाला पिकांचे संशोधक त्याकडे वळले, ते साहजिकच होते. दहा अक्षरांचा एक छोटा प्रायमर घ्यायचा, तो जीनोममध्ये जिथे जिथे बसेल तिथले तुकडे पीसीआरने वाढवायचे आणि जेलवर पट्टे पाहायचे. वनस्पतीच्या डीएनएची आधी काही माहिती असण्याची गरज नाही, खर्चही कमी. मागोमाग १९९४ मध्ये आयएसएसआर आणि १९९५ मध्ये एएफएलपी आले. कोझिकोडे आणि भुवनेश्वर इथल्या प्रयोगशाळांनी या तंत्रांनी हळदीचे आणि तिच्या भाईबंदांचे भरपूर नमुने तपासले.

या पहिल्या पिढीच्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. कुरकुमा गटात भारतात अनेक प्रजाती आहेत: आंबेहळद, रानहळद, कचोरा, तवकीर देणारी कुरकुमा अँगुस्टिफोलिया. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढायला हे मार्कर पुरेसे ठरले. २००४ मध्ये कोझिकोडेच्या संशोधकांनी बाजारातल्या हळद पुडीत दुसऱ्या कुरकुमा प्रजातींची भेसळ पीसीआरने ओळखता येते हे दाखवले. पुढे त्यातूनच ठरावीक प्रजातीपुरता एकच पट्टा देणारे मार्करही बनवले गेले. पूड झाल्यावर डोळ्यांना काहीच ओळखू येत नाही, तिथे ही चाचणी खरोखर उपयोगाची आहे. तिच्या मर्यादाही आहेत. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून दळली जाते, त्यात डीएनएचे बारीक तुकडे होतात, म्हणून लांब तुकडा मागणारा मार्कर पुडीवर चालत नाही. आणि लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो यांसारखे घातक रंग डीएनए चाचणीत दिसणारच नाहीत, त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी.

प्रजातींच्या बाबतीतही एक गाठ आहे. कचोऱ्याला सर्रास लावले जाणारे कुरकुमा झेडोएरिया हे नाव भारतात एकाहून अधिक वनस्पतींना दिले गेले आहे. या गटात संकर आणि गुणसूत्रांच्या संचांची वाढ इतक्या वेळा झाली आहे की हरितलवकाच्या डीएनएवर आधारलेले बारकोडही कित्येकदा दोन प्रजातींत फरक करू शकत नाहीत. गुणसूत्रांचा मूळ आकडा ७ धरला तर आपली हळद नऊ संचांची ठरते. ज्या झाडाचा नमुना घेतला त्याचे नाव चुकले असेल तर पुढचे सगळे पट्टे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. म्हणून वनस्पतीसंग्रहात जपलेल्या नमुन्याचा उल्लेख नसलेला मार्करांचा शोधनिबंध मी राखूनच वाचतो.

वाण ओळखण्याच्या पातळीवर मात्र आरएपीडी तोकडे पडले. प्रयोगशाळा बदलली, एन्झाइमची कंपनी बदलली की पट्टे बदलतात. त्याहून मोठी उणीव अशी की पट्टा दिसला किंवा नाही, एवढेच ते सांगते. तीन संचांपैकी एकात तो तुकडा आहे की तिन्हींत, हे कळत नाही. म्हणून लक्ष मायक्रोसॅटेलाइट्सकडे, म्हणजे एसएसआरकडे गेले. डीएनएमध्ये दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागा असतात आणि ती किती वेळा येतात हे वाणागणिक बदलते. २०१० च्या आसपास ब्राझीलमधल्या, कोझिकोडेच्या आणि भुवनेश्वरच्या गटांनी जवळपास एकाच वेळी हळदीसाठी असे मार्कर तयार केले. पद्धती वेगवेगळ्या होत्या. एक वाट डीएनएचे तुकडे करून पुनरावृत्ती असलेले तुकडे चुंबकीय मण्यांनी वेचायची आणि मग त्यांची अक्षरे वाचायची. दुसरी वाट आधीच जमा झालेल्या जनुकांच्या नोंदी संगणकावर चाळायची. दुसरी स्वस्त पडते, पण जनुकांच्या आतल्या जागा फारशा बदलत नाहीत, त्यामुळे फरकही कमी दिसतात.

हे काम कागदावर वाटते तितके सरळ नसते. हळदीचा डीएनए काढणे हीच पहिली परीक्षा. कंदात पिष्ट, चिकट शर्करा, तेले आणि खुद्द कुरकुमीन ठासून भरलेले. म्हणून कोवळे, न उमललेले पान घ्यायचे, द्रव नायट्रोजनमध्ये खलायचे, पूड वितळायच्या आत ६५ अंशांच्या सीटॅब द्रावणात टाकायची. त्यात मीठ नेहमीपेक्षा जास्त, फिनॉल धरून ठेवायला पीव्हीपी, काळे पडू नये म्हणून मर्कॅप्टोइथेनॉल. क्लोरोफॉर्मने धुतल्यावर अल्कोहोल घातले की पांढरे धागे वर यायला हवेत. त्याऐवजी पिवळट, जेलीसारखा गोळा आला तर शर्करा सोबत आल्या असे समजायचे, आणि अशा डीएनएवर पीसीआर चालत नाही. कित्येक नमुन्यांच्या बाबतीत ही धुलाई दोनदा करावी लागते.

पुढची अडचण वाचनाची. समजा एका एसएसआर जागी एका वाणात १५२ आणि १५८ अक्षरांचे दोन तुकडे मिळाले. हळद त्रिगुणित आहे, म्हणजे तिसरी प्रत कुठेतरी आहेच. ती १५२ ची की १५८ ची? शिखरांच्या उंचीवरून अंदाज बांधता येतो, खात्री नाही. द्विगुणित पिकांसाठी लिहिलेली सांख्यिकीय सूत्रे इथे जशीच्या तशी वापरली तर आकडे येतात, पण त्यांना अर्थ नसतो. ती सूत्रे यादृच्छिक मिलन गृहीत धरतात आणि हळदीत मिलन जवळजवळ होतच नाही. बहुगुणित वनस्पतींसाठी वेगळी अंतरमापे २००४ पासून उपलब्ध आहेत. तरीही नंतरच्या कित्येक निबंधांत जुन्याच पद्धतीने वंशवृक्ष काढलेले दिसतात. वृक्ष सुबक दिसतो, फांद्यांवर वाणांची नावे असतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की नाती कळली.

माझ्या मते हळदीत नात्याच्या आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: हे दोन नमुने एकच क्लोन आहेत की नाहीत? त्यासाठी किती फरक चालवून घ्यायचा, याची सीमा आधी ठरवावी लागते. एसएसआरच्या जागा लवकर बदलतात, त्यामुळे एकाच मूळ कंदापासून शेकडो वर्षे चालत आलेल्या दोन बेण्यांत एखाद्या जागी फरक दिसू शकतो. वाचनातही चुका होतात. सगळ्या जोड्यांमधल्या फरकांचा आलेख काढला आणि त्यात शून्याजवळ एक उंचवटा व दूर दुसरा उंचवटा दिसला, तर पहिला उंचवटा एकाच क्लोनच्या पोटातल्या फरकांचा आणि दुसरा खरोखर वेगळ्या मुळांचा असे मानता येते. मघाच्या दोन वाटाही इथेच उलगडतात. कंदातले उत्परिवर्तन एक-दोन जागी खूण ठेवते, बीपासून आलेले रोप एकदम अनेक जागी वेगळे निघते.

या विचाराची चाचणी घ्यायला भारतात चांगले साहित्य तयार आहे. तमिळनाडूतले ‘को-१’ आणि ‘बीएसआर-१’ हे वाण इरोडच्या स्थानिक हळदीवर क्ष-किरण सोडून निवडले आहेत. कसबे डिग्रज इथे निवडलेला ‘कृष्णा’ टेकुरपेटामधून आला. यांची वंशावळ कागदावर आहे. एखादा मार्करसंच विश्वासार्ह असेल तर त्याने इरोड, को-१ आणि बीएसआर-१ अगदी जवळ दाखवले पाहिजेत. तसे न दिसले तर संचात खोट आहे किंवा बेण्यात सरमिसळ झाली आहे. दोन्ही गोष्टी कळायलाच हव्यात.

ब्राझीलचा २०११ चा अभ्यास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तिथे हळद वसाहतकाळात आली. संशोधकांनी तिथल्या पाच राज्यांतले ३९ नमुने आणि तुलनेसाठी भारत, प्वेर्तो रिको यांसह आणखी १८ नमुने १७ एसएसआर मार्करांनी तपासले. एकूण फरकांपैकी ६३.४ टक्के फरक देशादेशांमधला निघाला. एका राज्यातले नमुने तर जवळजवळ एकसारखे होते. समुद्रापार मोजकेच कंद गेले आणि तेच वाढत राहिले, हे स्पष्टीकरण मला सर्वात पटते.

ऊतीसंवर्धनाने तयार केलेली रोपे मूळ झाडासारखीच आहेत का, हे तपासायलाही मार्कर वापरले जातात आणि ‘शंभर टक्के एकसारखी’ असे निष्कर्ष छापले जातात. इथे थोडे गणित करू. २० प्रायमरांनी प्रत्येकी ८ पट्टे दिले तर १६० पट्टे होतात. प्रत्येक पट्ट्याच्या दोन टोकांना दहा-दहा अक्षरे तपासली जातात, म्हणजे मुख्यतः ३,२०० अक्षरे. भोपाळच्या आयसर संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला हळदीच्या जीनोमचा पहिला मसुदा १.०२ अब्ज अक्षरांचा आहे. म्हणजे तपासणी झाली ती तीन लाखांतल्या एका भागाची. मोठा बिघाड नाही इतके यावरून म्हणता येते, त्यापुढे नाही.

‘जास्त कुरकुमीनशी निगडित मार्कर’ या दाव्यांबद्दल मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे, कारण शेतकऱ्याला त्याचेच आकर्षण असते. बियांपासून वाढणाऱ्या पिकात पिढ्यान् पिढ्या जनुकांची फेरमांडणी होते, त्यामुळे एखादा मार्कर सतत एखाद्या गुणासोबत दिसला तर तो त्या जनुकाच्या जवळ असावा असे मानायला आधार मिळतो. कंदांपासून वाढणाऱ्या हळदीत ही फेरमांडणी नाही. एका क्लोनचा सगळा जीनोम एकाच गाठोड्यात पुढे जातो. मग जास्त कुरकुमीन असलेल्या क्लोनमध्ये असलेला कोणताही मार्कर कुरकुमीनशी ‘निगडित’ दिसणारच, आणि त्याच क्लोनच्या पानाच्या रुंदीशीही तितकाच निगडित दिसेल. पंधरा-वीस वाण घेऊन काढलेला असा संबंध पैदाशीच्या कामाचा नाही. खरी वाट दोन ठिकाणी आहे. एक, प्रभा-प्रतिभासारखी बियांपासून मिळणारी रोपे मोठ्या संख्येने वाढवून त्यांत गुण आणि मार्कर ताडून पाहणे. दुसरी, कुरकुमीन घडवणाऱ्या जनुकांपासूनच सुरुवात करणे. जपानी संशोधकांनी २००९ च्या सुमारास हळदीतली डीसीएस आणि सीयूआरएस ही एन्झाइमे ओळखली, त्यामुळे शोध कुठे घ्यायचा ते आता माहीत आहे.

हळद एकटी नाही. केशर हेही त्रिगुणित आणि वांझ, २४ गुणसूत्रांचे. स्पेनमधल्या संशोधकांना आरएपीडी, आयएसएसआर आणि एसएसआर तिन्ही वापरूनही जगभरच्या केशरात जवळपास फरक दिसला नाही. पुढे डीएनएवरच्या मेथिल खुणा तपासल्या तेव्हा तिथे फरक दिसले. केशराचे मूळ ग्रीसमधल्या अटिका भागातल्या रानटी क्रोकसमध्ये आहे, हे २०१९ मध्ये जीनोमच्या पुराव्याने पक्के झाले. वेखंडात तर गुणसूत्रांची संख्याच औषधी गुणाशी बांधलेली आहे. २४ गुणसूत्रांच्या वेखंडात बीटा-असारोन नसते. ३६ गुणसूत्रांच्या त्रिगुणितात ते असते, ४८ वाल्यात आणखी जास्त. या द्रव्याच्या धोक्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये अन्नात वेखंडाला बंदी घातली. तिथे मार्करच्या आधी गुणसूत्रे मोजणेच शहाणपणाचे.

जीनोमचा मसुदा हाती आल्यामुळे आता एकेका अक्षरातले फरक, म्हणजे एसएनपी, हजारोंच्या संख्येने तपासता येतात. त्रिगुणितात प्रतींचे प्रमाण मोजायला प्रत्येक जागा कितीतरी वेळा वाचावी लागते, म्हणून खर्च वाढतो, पण तो दर वर्षी उतरतोही आहे. तंत्राची अडचण आता राहिलेली नाही. राहिली आहे ती साहित्याची. कोणत्या प्रयोगशाळेने कोणते १५ किंवा २० मार्कर वापरावेत यावर एकमत नाही, प्रत्येक निबंधाचे नमुने वेगळे, आणि एकीची माहिती दुसरीला जुळवता येत नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी होते, पण वेगळेपण ठरते ते मुख्यतः दिसणाऱ्या लक्षणांवर. भौगोलिक मानांकन तर जागेचे असते, वनस्पतीचे नसते. सांगलीची म्हणून विकली जाणारी हळद सांगलीतच पिकलेल्या सेलमची असू शकते, आणि कायद्याने त्यात वावगे काही नसेलही. पण वायगावची म्हणून जी ओळख पिढ्यांनी जपली ती एका ठरावीक क्लोनची असेल, तर तो क्लोन कोणता हे लिहून ठेवायला हवे. हिंगोली, नांदेड, परभणीत लागवड वाढली, ट्रकांनी बेणे दूरदूर जाऊ लागले, तसा हा धोका रोज वाढतो आहे. सरमिसळ एकदा झाली की मूळ बेणे कुठले, हे मार्करही सांगू शकणार नाहीत.

कृषी विद्यापीठांना आणि कसबे डिग्रज व वसमत इथल्या हळद संशोधन केंद्रांना माझी मागणी एवढीच आहे: राज्यात चालणाऱ्या प्रत्येक नावाच्या हळदीचे, मूळ गाव आणि मूळ शेतकऱ्याच्या नोंदीसह, एकाच ठिकाणी जतन केलेले प्लॉट ठेवा, त्यांवर एकच मार्करसंच चालवा आणि निकाल सर्वांना खुले करा. शेतकऱ्यांनी तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करावे. बाहेरून बेणे आणले तर वाण, गाव आणि वर्ष वहीत लिहावे, आणि घरचे जुने बेणे नव्यात मिसळू न देता दोन सऱ्या का होईना, वेगळे लावावे.